फोटोत काळे केलेले डोळे

सिल्लोडचं स्थळ कसं मोडलं विचारता ना? आपोआप नाय मोडलं, मी मोडलं.

मुलाकडचे मला बघायला आले. मी समोर बसले न बसले तोच मुलाची आत्या म्हणाली, "अगं बाई, हिचे डोळे तर घारे हायत. फोटोत काळे होते."

माझ्या मामानं मान खाली घातली. शहागंजातल्या फोटोवाल्याकडून त्यानंच ते काळे करून घेतले होते.

"घाऱ्या डोळ्यांची बाई पुरुषासारखी रोखून बघती," आत्या म्हणाली. "बाईची नजर कशी मऊ पाहिजे. लग्नात काळ्या लेन्स घालशील ना?"

मी मुलाकडं बघितलं. त्याचे डोळे माझ्याहून घारे.

"आणि ह्यांचे?"

"त्याला शोभतात. पुरुषाला लई रुबाब येतो त्यानं."

"मग आधी ह्यांना लेन्स घालू द्या, मग मी घालते," असं म्हणून मी त्याच्याकडं बघतच राहिले. तो गडबडला आणि खाली मान घालून पोहे चिवडायला लागला.

मी म्हणाले, "आत्याबाई, मऊ नजर तर तुमच्या घरात आधीच हाय. अजून एक कशाला नेता?"