उजेडात धरलेली चादर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या मेट्रनबाई, डॉक्टरसाहेब, समोर बसलेले रुग्णांचे नातेवाईक, आमच्या धुलाई विभागातले सगळे दादा-ताई, आणि आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझी आत्या,

‘संतांची अनुभूती आणि आपली रोजची श्रद्धा’ यावर मी चार शब्द बोलावेत, असं ठरलं. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. चार वर्षांपूर्वी आत्याला इस्त्रीघरात समाधी लागली, आणि ती पाहणारी मी.

मला आत्यानेच वाढवलं. चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने वॉर्डाचं नाव शिवलेलं असतं, त्यावर बोट फिरवत मी अक्षरं शिकले. शाळा नंतर. घड्या घालताना ती संतांच्या गोष्टी सांगायची. कुणी झाडता झाडता हरपलं, कुणी पाणी भरता भरता.

घडीआधी प्रत्येक चादर खिडकीच्या उजेडात धरून भोक शोधायचं, हा आमचा नियम. त्या दिवशी आत्या चादर धरून उभीच राहिली. हाका मारल्या, तरी चादर खाली आली नाही. गालांवर पाणी. इस्त्रीवाले दादा म्हणाले, “बाईंना काय झालं गं?” माझ्या तोंडून निघून गेलं, “समाधी लागलीय.”

मग काय, बोलाफुलाला गाठ! त्याच आठवड्यात आत्याच्या हातच्या चादरीवर एका तळमळणाऱ्या रुग्णाला झोप लागली, आणि वॉर्डांतून निरोप येऊ लागले, अवघड रुग्णाला बाईंच्या हातची चादर द्या.

भाषण लिहायला बसले आणि हात अडला. समाधीत तिला काय दिसलं, ते आपण न पाहता कसं सांगायचं? काल आत्याला विचारलं, “तेव्हा काय दिसलं होतं?”

“काही नाही.”

“म्हणजे निराकार?”

“अगं शहाणे, काहीच नाही! भोक अंगठ्याला लागत होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं. म्हटलं, डोळे गेले, आता नोकरीही जाणार. रडू फुटलं. तेवढ्यात तू समाधी म्हणालीस. मला आडोसा मिळाला.”

“आणि नंतरच्या चादरी?”

“बोटांनी तपासल्या. एकेकीला म्हणायचे, बाई, तुझ्यावर कुणीतरी झोपणार आहे, खरं सांग.”

“हे मी उद्या सांगू?”

“सांग की. निवृत्त बाईला कोण काढतंय?”

तर मंडळी, मी सांगितलं. पण आता माझंच मला कळेना. तिसऱ्या रांगेतल्या मावशी, तुमचा मुलगा त्या चादरीवर कित्येक दिवसांनी शांत झोपला. त्या झोपेला मी खोटं म्हणू? संतांच्या शेजारीही अशीच एखादी उतावळी भाची उभी असेल का? आणि प्रत्येक चादरीशी असं बोलणं, याला मग म्हणायचं तरी काय? रात्रभर विचार केला.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. आत्या, तुझी परवानगी असूनही तुझं गुपित फोडणं जड गेलं. आणि माझ्या बोलण्यात भोकं राहिलीच असतील. आत्याने मला शिकवलंय तेवढंच मागते: भोक सापडलं तर तिथे बोट ठेवा, रफू करू. चादर टाकून देऊ नका.