फुकटची पाच मिनिटं

इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या, नाणी टाकून कपडे धुवायच्या लॉन्ड्रीतल्या शांततेत ड्रायरमधलं एक बटण टकटक वाजू लागलं, आणि बाकावरच्या दोघी म्हाताऱ्या मैत्रिणी बोलत्या झाल्या. माझी छोटी मुलगी एल्सी माझ्या मांडीवर होती.

“एनिड, तुझा नवरा, विल्फ, वारल्यापासून एकदा तरी तुझ्याशी बोलला का गं?”

“कुठला! फोनवरून भविष्य सांगणाऱ्या टॅरोवाल्या रोज पत्त्यांची पानं मांडतात, पण त्याचा पत्ता नाही.”

“रोज? दिवाळं निघेल की!”

“छे! नव्या गिऱ्हाइकाला पहिली पाच मिनिटं फुकट असतात, मेव्हिस. मी दर वेळी नवं नाव सांगते. काल ग्लॅडिस होते, परवा रोझमंड.”

“अगं वेडे, मग तो तुला शोधणार कसा? बिचारा एनिड, एनिड करत फिरत असेल तिकडे.”

एनिडनं रुमाल डोळ्यांना लावला.

“रडू नकोस गं.”

“हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“तुझी आई बघायची तसं बघू या. कप बशीवर पालथा घालायची आणि चहाच्या चोथ्यात तिला सगळं दिसायचं.”

“विल्फसुद्धा दिसला होता. ‘टोपीवाला मुलगा आहे,’ म्हणाली, आणि त्याच आठवड्यात हा दारात उभा, टोपी हातात घेऊन!”

“चल, घरी चहा टाकू.”

“घरी टी-बॅगाच आहेत. कपात चोथा उरतोय कुठे?”

“वाटेत सुटा चहा घेऊ. आणि या वेळी खरं नाव सांग.”

कपडे पिशवीत कोंबून त्या गेल्या. एल्सीनं माझ्याकडे मान वळवली.

“आई, मेलेल्या माणसांना आपलं नाव किती दिवस आठवतं?”