रिकाम्याचे तीन टक्के

वहिनी : भावजी, चहा नंतर प्या. हॉस्पिटलच्या वॉर्डात आपल्या मशीनवर चालणारे सगळ्या खाटांचे अलार्म सकाळपासून बंद आहेत. सिस्टर बिचाऱ्या हाताने नाड्या बघत फिरताहेत.

दीर : मशीनच्या नोंदींचा लॉगच वाचतोय, वहिनी. एक प्रोग्रॅम बेफाम वाढला आणि मशीनची सगळी मेमरी खाऊन बसला.

वहिनी : ते मलाही दिसतंय. त्याला बंद करायला तिथला तंत्रज्ञ आत शिरू गेला, तर लॉगिनलाच जागा नाही! कर्नेलमध्ये, मशीनच्या गाभ्याच्या प्रोग्रॅममध्ये, आपण राखीव मेमरी ठेवतो, ती कशासाठी?

दीर : अशाच वेळी आत शिरता यावं म्हणून.

वहिनी : मग गेली कुठे? मी चांगले आठ एमबी बांधून ठेवले होते.

दीर : मी बदललं ते. गेल्या आवृत्तीत. आता आकडा हलता आहे, रिकाम्या मेमरीच्या तीन टक्के. मशीन मोठं तर राखीवही मोठी.

वहिनी : रिकाम्या? एकूण नाही?

दीर : रिकाम्या.

वहिनी : आणि मेमरी गच्च भरली, की रिकाम्याचे तीन टक्के किती?

दीर : शून्य.

वहिनी : शून्य! अहो, आग लागेपर्यंत टाकी भरलेली आणि आग लागली की कोरडी! घरी तुमचे दादा, इथे तुम्ही. वीट आणलाय दोघांनी.

दीर : चुकलं माझं. पण तुमचे आठही पुरले नसते. नव्या लॉगिनलाच वीस लागतात.

वहिनी : कोण म्हणतं?

दीर : मोजलेत मी. आठचा आकडा जुन्या मशीनवरचा आहे. लॉगिन अर्ध्यातच अडकलं असतं.

वहिनी : मग मला विचारायचं! परस्पर उद्योग कशाला?

दीर : विचारलं होतं. एकदा इथे ऑफिसात, एकदा घरी जेवताना. तुम्ही म्हणालात, चाललंय ना, मग नसतं उकरून काढू नका.

(वहिनी कीबोर्ड पुढे ओढतात.)

दीर : तेव्हाच भांडायला हवं होतं. मी गुपचूप बदलून मोकळा झालो.

वहिनी : एकूण मेमरीच्या तीन टक्के. पण काहीही झालं तरी एका आकड्याच्या खाली जायचं नाही. चालेल?

दीर : चालेल. तो खालचा आकडा किती?

वहिनी : ओढा ती खुर्ची. तुम्ही सांगा, मी टाइप करते.