आमच्या ह्यांच्या नावापुढचं 'पै.'

...आणि शेजारच्या बायका वर तोंड करून म्हणतात काय, "तुझं बरंय बाई मेहजबीन, नवरा घरातच असतो!" घरातच असतो! अहो, घरात फ्रीज पण असतो, म्हणून त्यानं कधी पोर सांभाळलंय का? फ्रीजचं निदान दार तरी उघडतं! आमच्या ह्यांची खोली सकाळी नवाला बंद, आत हे, कानाला हेडफोन, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी, आणि बाहेर मी, वर्षाची परवीन काखेत, पोरीची छाती भरलेली, खोकून खोकून लालबुंद झालेली, दाराच्या फटीला तोंड लावून विचारते, "अहो, वाफ द्यायचीय, जरा धरता का हिला?" तर आतनं नुसता हात हलतो. माशी हाकलतात ना, तसा.

आणि आत काय चाललेलं असतं? तर म्हणे स्टँडअप! म्हणजे रोज सकाळी सगळ्या टीमनं उभं राहून काल काय केलं ते सांगायचं. उभं कोण राहतंय हो? हे गादीवर मांडी घालून सांगतात, "येस सर. शुअर सर." सहा वर्षांत तिसरं वाक्य ऐकलं नाही मी. मी सातवी शिकलेली, एवढं इंग्रजी तर मला पण येतंय, मग ह्यांना इंजिनियर कशाला केलं?

तर तुम्हाला सांगते, एक दिवस ते दार आपणहून उघडलं. सकाळी दहाला! मला वाटलं भूकंप झाला. तोंड हे एवढंसं करून म्हणतात, "मेहजबीन, कंपनीनं मला बेंचवर टाकलंय."

"बेंचवर? म्हणजे?"

"म्हणजे हातातलं काम संपलं. दुसरं मिळेपर्यंत नुसतं बसायचं. साठ दिवसांत मिळालं तर मिळालं."

"आणि न्हाय मिळालं तर?"

हात हलवला. माशी हाकलल्यासारखा.

मला त्या कंपनीचं काय करायचंय हो, मला तिचं ते दवाखान्याचं कार्ड पाहिजे. परवीनची छाती भरली की उचलायची आणि बारामतीला न्यायची, नाकाला ते मशीन लावायचं... कार्ड दाखवलं की काउंटरवरची बाई हसते, "या ताई, बसा." कार्ड नसलं की कशी बघते, तेही मी रांगेत उभी राहून बघितलंय. म्हणून म्हटलं, "अहो, साहेबाला फोन करा, भांडा, रडा, पाया पडा!" तर म्हणाले, "आमच्यात असं चालत नाही. प्रोसेस असते." पोरीची छाती प्रोसेस बघून भरते का?

बरं, हे बोलणं ऐकलं कुणी? आमच्या सासूबाईंनी, मेहबूबबींनी! कान अर्धा चालतो, पण तोंड दोन माणसांचं दिलंय. त्यांना ऐकू आलं 'कंपनीनं' आणि 'बेंच', बास. पदर डोक्यावर घेतला, निघाल्या, आणि दुपारच्या चहापर्यंत सगळ्या शेळगावाला कळलं, "आमच्या शाहिदवर खूश होऊन कंपनीनं बेंच दिलाय!" आता गावात बेंच म्हणजे एकच, सिमेंटचा, स्टँडवर टाकतात तो, पाठीवर देणाऱ्याचं नाव. शेजारची ठमाबाई कुडाच्या पलीकडनं ओरडली, "तुझं बरंय बाई, नवरा घरातच, आन् बेंच पण घरपोच!"

संध्याकाळी रावजी आबा हजर. आमचे माजी सरपंच, पण गाव अजून त्यांनाच उठून नमस्कार करतं. म्हणतात, "शाहिदराव, नाव काढलंस लेका! बेंच मी म्हंतो स्टँडवरच टाकू. म्हातारी माणसं उन्हात उभी ऱ्हात्यात."

आता तुम्हीच सांगा, तेव्हा खरं सांगायचं की नाही? 'आबा, तसला बेंच न्हवं, माझं काम गेल्यात जमा हाय', एवढंच! पण सहा वर्षांची सवय... तोंडातनं काय निघालं?

"येस आबा. शुअर."

झालं. लोणी देवकरच्या बाजूनं टेम्पोतनं बेंच आला, पैसे ह्यांचेच. नाव टाकायला दत्तोबा पेंटर. सासूबाई त्याच्या मानेवरच बसलेल्या. म्हणतात, "दत्तोबा, ह्याचा बाप बादशाह पैलवान. आखाड्याच्या बोर्डावर त्यांच्या नावापुढं 'पै.' असायचं. पोराच्या नावापुढं पण टाक, रक्त तेच हाय." पैलवान! अहो, ह्यांना लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही, मी काढून देते! पण दत्तोबानं जीभ बाहेर काढून लाल रंगात लिहिलं, 'पै. शाहिद बादशाह मुलाणी'. एवढंच. पुढं काय लिहायला जागाच उरली नाही, 'पै.' एवढं मोठं काढलं त्यानं.

शुक्रवारी सकाळी सातला उद्घाटन. नावावर झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, कुणीतरी उदबत्ती खोचली. रावजी आबा मान खाली घालून हात जोडून उभे, कारण चष्मा पडला होता तो शोधत होते. आणि आमच्या ह्यांनी फोटो काढला. स्वतः काढला, म्हणून स्वतः फोटोत नाहीत! आणि लावला स्टेटसला, खाली दोन जोडलेले हात.

आता तुम्हाला माहीत असेल नसेल, आमच्यात माणूस वारला की त्याच्या नावापुढं पण 'पै.' लिहितात. पैगंबरवासी.

इंदापूरची आत्या रिक्षातनं ऊर बडवतच उतरली. दार उघडलं कुणी? ह्यांनीच! आत्यानं आधी मिठी मारली आणि मग चप्पल काढली. पण आत्या परवडली हो, ती निदान आली तरी! ह्यांच्या टीममध्ये मराठी वाचणारा एकच, शिवम, बारामतीचा. त्यानं हार बघितला, 'पै.' वाचलं, आणि फोन न करता मेल्यानं सगळ्या टीमला सांगितलं, शाहिद गेला. आणि तुम्हाला सांगते, त्या दिवशी त्या स्टँडअपमध्ये माणसं सहा वर्षांत पहिल्यांदा उभी राहिली! दोन मिनिटं शांत. साहेब दीडच मिनिटात बसला, त्याला म्हणे दुसरी मीटिंग होती.

मग टीमच्या ग्रुपवर लिहिणं सुरू. 'शाहिदसारखा माणूस होणे नाही.' 'शाहिदनं कधी नाही म्हटलं नाही.' साहेबानं लिहिलं, 'शाहिद आमच्या टीमचा कणा होता.' कणा! दोन महिन्यांपूर्वी ह्याच साहेबानं शेरा मारला होता, पुढाकार कमी पडतो!

आणि हे? हे उंबऱ्यावर बसून वाचतायत, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू! मी ओरडले, "अहो, कळवा की, जिवंत हाय म्हणून!"

तर मला म्हणतात, "थांब गं. अजून दोघांचं लिहून व्हायचंय."

थांबले! दुपारभर थांबले! माणसाला आपलं कौतुक ऐकायला मरावं लागलं तर मरावं, पण किती वेळ?

चारला माझ्या मोबाईलवर फोन. कंपनीची श्रेया मॅडम. आवाज असा मऊ, की सायीवर साखर. "मॅडम, खूप वाईट वाटलं. शाहिद आमच्या परिवारातला होता. लॅपटॉप आणि चार्जर कुठून घ्यायचा?"

म्हटलं, "ताई, ते जिवंत हायेत! हे काय, हितं चहात बिस्कीट बुडवतायत!"

मग म्हणते, "ओके. मग तसं त्यांच्या ऑफिसच्या मेलवरून कळवा."

हे मेल उघडायला गेले. मेल बंद. कुणी बंद केला? कंपनीनं. का? तर माणूस वारला! मी परत फोन लावला, तर मॅडम म्हणतात, "सिस्टिममधून एकदा नाव गेलं की परत घेता येत नाही, मॅडम. आणि खरं सांगू? साठ दिवस कागदावरच, बेंचवरच्यांना काढायची यादी सोमवारी निघणारच होती. नाव होतं त्यांचं."

"आन् कार्ड? पोरीचं दवाखान्याचं कार्ड?"

"ते त्यांच्यासोबतच बंद होतं. टेक केअर हां."

सोमवारी लॅपटॉप गेला. चार्जर पण गेला. खोलीचं दार आता सताड उघडं, आत नुसती गादी. हे सकाळी नवाला इस्त्रीचा शर्ट घालतात, आता खाली पॅन्ट पण घालतात, आणि स्टँडवर जाऊन त्या बेंचवर बसतात, बरोबर नावाला पाठ लावून. परवीनला मी तिथंच नेऊन देते मांडीवर. ती खोकते, हे पाठ चोळतात. ठमाबाईनं विचारलंच, "काय गं, नवरा घरात दिसत न्हाय?" म्हटलं, "न्हाय मावशी. आता बेंचवर असतात."

काल परवीनला घेऊन दत्तोबाकडं गेले. म्हटलं, "दत्तोबा, तेवढं 'पै.' खोडा हो. रोज जाता-येता बघितलं की छातीत धस्स होतं."

ब्रश पुसत म्हणतो कसा, "कशाला खोडताय वहिनी? आत्ता पैलवान वाचायचं. पुढंमागं दुसरं वाचायचं. पुन्यांदा रंग नको."

मी पोरीचं नाक पुसलं.

म्हटलं, येस दत्तोबा. शुअर.