नाव लिही

रणजित: गुलाबी म्हणजे अगदी गुलाबी नाही गं. रोझ गोल्ड.

उत्कर्षा: ट्रॅक्टर आहे तो, रणजित. ऊस वाहतो. लग्नाच्या स्टेजवर नाही चाललाय.

रणजित: ट्रॅक्टर रोझ गोल्ड, तो चालवणाऱ्या कल्याणीला दोन-चार ड्रेस, मेकअपचं दुकान आणि खाली एक ओळ, 'आता खास ताईंसाठी'. आपल्या गेमला विमेन प्लेअर्स हव्यात ना?

उत्कर्षा: कल्याणी दोन ट्रॉल्या ऊस घेऊन मांजरीहून कारखान्यावर निघालीय. वाटेत म्हशी, रिक्षा, ट्रॉलीतून ऊस उपसणारी कार्टी. ती मेकअप कधी करणार? हडपसरच्या सिग्नलला?

रणजित: हडपसरच्या सिग्नलला मेकअप करून, पुसून, परत करता येतो.

उत्कर्षा: आणि मी नाहीच म्हटलं तर?

रणजित: तर चार वाजता जयसिंग सर कॉलवर येतील आणि कल्याणीला खाली उतरवून सुदर्शनला स्टिअरिंगवर बसवतील. मिशा, गॉगल, सगळं ड्रॉइंग रेडी आहे त्यांच्याकडे. मी तुझ्या बाजूनं आहे म्हणून गुलाबी म्हणतोय.

उत्कर्षा: दोन वर्षं घालवलीत मी तिच्यावर. ती पदर कसा खोचते, गिअर टाकताना ओठ कसे दाबते. मला नाही बघवणार तिला उतरताना.

रणजित: मान्य. पण ही लिस्ट बघ, टॉप टेन. एक नंबर बापूराव, मांजरी. दोन संभाजी. तीन उत्तरेश्वर. मग आनंद. दहात एक बाई नाही. बायका खेळतच नाहीत तर गेममध्ये बाई कशाला, असं सर विचारणार. काय सांगू मी?

उत्कर्षा: थांब. बापूराव, मांजरी? आपल्या खालचे? घरमालक?

रणजित: तेच असणार. तीन लाख पॉइंट. काका रिटायरमेंट सत्कारणी लावतायत.

सरुबाई: हाय का कोण? ही बया अडकली बघा.

उत्कर्षा: या ना काकू, बसा. जिना चढून कशाला आलात, हाक मारायची. कोण अडकलं?

सरुबाई: ही तुझी ट्रॅक्टरवाली. दिवाळीत तूच टाकून दिलीस ना मोबाईलवर. पुलापाशी म्हस आडवी आली, मी हॉर्न दिला. तवापास्नं ना म्हस हलतीय ना ही.

रणजित: काकू, हा गेम तुम्ही खेळता?

सरुबाई: मग कोण खेळतंय?

रणजित: काका. यादीत पहिला नंबर आहे बापूरावांचा.

सरुबाई: ह्यांचा? आलेला फोन उचलायला जातात आन् कट करून ठेवतात. ह्यांना कुठलं जमतंय.

उत्कर्षा: मग त्यांचं नाव कुणी लिहिलं?

सरुबाई: मीच की. कारखान्याच्या फाटकात ट्रॉली लागली की ते म्हणतं, 'शाब्बास पठ्ठ्या, जिंकलास. नाव लिही.' आता जिंकलास म्हणल्यावर बाप्याचंच नाव लिहायचं ना? सिमकार्ड ह्यांच्या नावावर हाय. म्हणलं, मोबाईलला ठाऊक असंल.

रणजित: पण खेळलात तर तुम्ही.

सरुबाई: शेत बी मीच बघते बाळा. सातबारा ह्यांच्या नावावर हाय. त्यात नवं काय?

उत्कर्षा: काकू, हे दोन नंबरचे संभाजी कोण, माहीत आहे?

सरुबाई: सुशीलाबाईचे मालक. आमच्या भजनी मंडळात असती ती. उत्तरेश्वर म्हणजे शेफालीचा नवरा. माझी पुतणी गं, बिबवेवाडीला दिलीय. आनंद त्या मागच्या गल्लीतल्या नम्रताचा. सगळ्याजणी मलाच विचारतात, नाव कुणाचं लिहायचं. मी सांगितलं, मालकाचं लिहा.

रणजित: म्हणजे या दहातल्या किती जणी तुमच्या?

सरुबाई: सहा तर आमच्याच हायेत. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही.

उत्कर्षा: काखेत कळसा, रणजित.

रणजित: आणि मी गावाला वळसा घालायला रोझ गोल्ड ट्रॅक्टर काढत होतो.

सरुबाई: कसला ट्रॅक्टर?

रणजित: गुलाबी, काकू. लेडीजसाठी.

सरुबाई: शेतात घालायचा? चिखलात? धुणार कोण त्यो?

रणजित: बरं, ते वाक्य कुणी लिहिलं? पठ्ठ्या, जिंकलास?

उत्कर्षा: मी.

रणजित: तू?

उत्कर्षा: मीच. पदरावर दोन वर्षं डोकं लावलं आणि ते वाक्य दोन मिनिटांत लिहून टाकलं. बाबा मला लाडानं मुलासारखंच बोलतात रे. मी शाळेतून आले की 'आलास का पठ्ठ्या'. अजूनही वाशिमहून फोन आला की 'जेवलास का'. शाबासकी म्हटली की माझ्या कानात तेच येतं. आता लाज वाटतेय.

सरुबाई: लाज कसली त्यात. बाप लाडानं म्हणतो ते गोडच लागतं. पण त्यो तुझा बाप हाय. मोबाईल माझा कोण लागतो?

रणजित: एक काना काढायचा आणि एक वेलांटी घालायची. जिंकलीस. एवढ्यासाठी मी चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलंय.

उत्कर्षा: आणि पुरुष खेळत असला तर?

रणजित: ट्रॅक्टर कल्याणी चालवतेय, शाबासकी तिला. पुरुषांनी सवय करून घ्यावी. मी पण करतो.

उत्कर्षा: पठ्ठ्याचं काय करू?

सरुबाई: 'शाब्बास गं' म्हण. पुरे तेवढं.

उत्कर्षा: काकू, चारपर्यंत थांबाल? चहा करते. आमच्या साहेबांना तुम्हीच सांगा हे.

सरुबाई: थांबते की. पण आधी ती म्हस हलव.

(साडेचार. कॉल संपला आहे, चहाही.)

रणजित: सर म्हणाले, बापूराव म्हणजे सरुबाई, याला प्रूफ काय? आणि काकूंनी माझ्या हातातून फोनच घेतला.

सरुबाई: मग? म्हणलं, साहेब, ट्रॅक्टर घेऊन या. खराखुरा. चालवून दाखवते.

उत्कर्षा: मग सर म्हणाले, कल्याणी राहू दे.

सरुबाई: आन् त्यो मिशावाला?

उत्कर्षा: सुदर्शनला ट्रॉलीतून ऊस उपसणाऱ्यांत घेतलंय.

सरुबाई: बरं केलंस. तसाच दिसतोय.

उत्कर्षा: हा घ्या तुमचा फोन. हॉर्नचं बघितलं, म्हैस हलतेय. वाक्यही बदललंय.

सरुबाई: हं. सरक गं बये. आता पूल उतरला की डावीकडनं घ्यायची, उजवीकडं रिक्षावाले असतात. हळू. हळू. लागली बघ फाटकात.

रणजित: काय म्हणतंय, काकू?

सरुबाई: वाचलं मी. तरी उत्कर्षा, तू एकदा मोठ्यानं वाच.

उत्कर्षा: 'शाब्बास गं, जिंकलीस. नाव लिही.'

सरुबाई: परत वाच.

उत्कर्षा: 'शाब्बास गं, जिंकलीस. नाव लिही.'

रणजित: घ्या काकू नाव. लाजू नका.

सरुबाई: ह्यांचं लग्नात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं, पोरींच्या लग्नात घेतलं. आज माझं घेते.