हायडेलबर्गची पाठमोरी डोकी

आखातातल्या अल मनखूलच्या फोटो स्टुडिओत नागेश व्हिसाच्या फोटोसाठी रांगेत ताटकळला होता. पुढं एका मराठी जोडप्याची जुंपली होती.

"संजना, अख्ख्या रोलमध्ये हायडेलबर्गचा किल्ला नि पिवळी पानं! तू कुठंयस?"

"एकटी फिरले, काढणार कोण? हा बघ, कॉन्फरन्समधला. मी बोलतेय."

"तुझं तोंड अंधारात. नुसती गोऱ्या डॉक्टरांची डोकी, तीही पाठमोरी!"

"पाठमोरीच असणार. माझ्याकडे बघतायत ना!"

"सगळी?"

"एकही मान वळलेली दाखव. तुझे बाबा काय म्हणाले होते?"

"'नर्सबाईचं तिथं ऐकणार कोण?'"

"मग?"

तो काउंटरवरच्या माणसाकडे वळला. "यल्ला, चलो भाई, इसका सबसे बडा साइज बनाओ! गावी बाबांच्या खाटेसमोरच टांगतो."