डब्यातले रबरी पाय

मी, वय ५९, धंदा गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या खोलीत, आज सकाळी अकरा वाजता आपणहून ठाण्यात येऊन पुरवणी जबाब देतो की, काल मी माझ्या जावयाविरुद्ध जबाब दिला होता. त्यावरून तो इथेच कोठडीत आहे.

जावई बास गिटार वाजवतो. त्याच्या बॉक्समधला पंधरा इंची स्पीकर फाटला होता. तसा आता मिळत नाही, म्हणून आठ ओहमचा, तेवढीच ताकद झेलणारा दुसरा मी निवडला. त्याचे चुंबक मोठे असल्याने बॉक्सच्या आतली आडपट्टी कापावी लागली, स्क्रूची भोकेही नव्याने पाडली. जावई म्हणाला, "बाबा, खालचा सूर पोटात जाणवला पाहिजे." मी म्हणालो, "पोटाचं काय घेऊन बसलास, भिंती हलतील." मुलगी हसली होती.

काल दुपारी चार वाजता सरावाच्या हॉलमध्ये बॉक्स मंचाच्या कडेला ठेवला. मंच छातीएवढा उंच आहे. मी समोर खुर्चीवर होतो. त्याआधी वायरींच्या गुंत्यावरून नवरा-बायकोची चांगलीच जुंपली होती. मुलगी मंचासमोर खाली वाकून वायर जोडत असताना जावयाने सगळ्यात जाड तार वाजवली. चार-पाच ठोक्यांत बॉक्स तिच्या डोक्यावर आला. जावयाचा हात बॉक्सला लागलेला मी पाहिला. त्याने ढकलला, असे मी काल लिहून दिले.

मुलगी अजून शुद्धीवर आलेली नाही. तिची आई तिच्याजवळ आहे.

आज सकाळी औषध आणायला पैसे घ्यावेत म्हणून दुकान उघडले. माझी पद्धत अशी, की बॉक्स टेबलावर सपाट बसावा म्हणून खालचे रबरी पाय काढून पत्र्याच्या डब्यात ठेवतो आणि काम संपले की आधी ते लावतो. तीस वर्षांत चूक नाही. या वेळी नवा आवाज ऐकायची घाई झाली. टेबलावरून डबा उचलला तर तो वाजला. झाकण काढले, चारही पाय आतच होते.

पाय नसले की बॉक्स खालच्या सुरांच्या दणक्याने गुळगुळीत फळीवर सरकत जातो. गिऱ्हाइकांना हे मीच बजावतो. जावयाने हात घातला तो ढकलायला नाही, धरायला. मला काल कोणावर तरी राग काढायचा होता.

डबा नाल्यात टाकावा असेही मनात आले. तो घेऊन तासभर शटर ओढून बसलो. मला कोठडीची भीती वाटते. मुलगी डोळे उघडून आधी नवऱ्याला शोधेल, याची त्याहून जास्त वाटते. तिच्या आईला यातले काही माहीत नाही. रबरी पाय स्क्रूंसकट ठाण्यात जमा करत आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो कोठडीतही ऐकू गेला. मध्येच जावयाने आतून विचारले, "बाबा, तिला शुद्ध आली का?" मी नाही म्हणालो. पाय दोन लिहिले होते, ते मी चार करून घेतले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.